एकशे सतरा, हजर

"सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं खूण केलीय, मास्तर," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. "वाचत बसू नका. तुमच्याच भल्याचं आहे."

मास्तरांनी वाचलाच. वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात मशीनचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, मंगळवारी सकाळी तिकीटविक्री दोन तास बंद पडली ती माझ्या निष्काळजीपणामुळे. दहा नंबरच्या मशीनची प्रत मी काढली आणि ती काढताना घ्यायची काळजी मी घेतली नाही.

"पण साहेब, मंगळवारी सकाळी मी इथं नव्हतोच. रजा टाकून हिला घेऊन दवाखान्यात होतो."

"तेच तर म्हणतोय. असता तर झालं असतं का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मास्तरांनी लहानपणी पाठ केली होती. संन्याशाला स्वतःच्या हाताने दोरावर सही करावी लागते, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

ते शाळेतले मास्तर नव्हतेच. ते हजेरीमास्तर. लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं विकणारी ती कंपनी, आणि थंडगार खोलीत रात्रंदिवस घरघरणारी तिची बेचाळीस मशीनं. प्रत्येक मशीनवर एक छोटासा प्रोग्रॅम चालायचा, त्याला सगळे एजंट म्हणत. एजंटचं काम चांगल्या शेजाऱ्याचं. मी जिवंत आहे, माझ्याकडे अमुक काम चालतं, हे त्याने दर काही सेकंदांनी इतरांना सांगायचं. कुणी विचारलं, तिकीट कोण कापतं, तर पत्ता सांगायचा. एखादं मशीन गप्प झालं की बाकीच्यांनी आपसात विचारपूस करायची, अरे, तुला दिसला का तो, आणि कुणालाच दिसला नाही तर यादीतून नाव काढून टाकायचं. ही सगळी हजेरी बावीस वर्षं मास्तरांनी सांभाळली होती. टोपणनाव कुणी थट्टेने ठेवलं असेल, पण त्यांना ते आवडायचं. स्वतः एक दिवस उशिरा आले असतील तर शपथ.

एजंट पहिल्यांदा सुरू झाला की स्वतःसाठी एक ओळख तयार करतो. लांबलचक आकडा, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला. तो एका फोल्डरमध्ये जपून ठेवतो. म्हणून एका मशीनवरून दुसरं मशीन हुबेहूब तयार करायचं असेल, तर आधी ते फोल्डर पुसायचं. नाहीतर नवं मशीन जागं होतं आणि छाती पुढे काढून म्हणतं, मीच तो. जुनंही म्हणतं, मीच तो. दोघांकडे पुरावा सारखाच. मास्तरांनी मशीनच्या खोलीच्या दारावर आपल्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला होता: प्रत काढण्याआधी ओळख पुसा.

मंगळवारी वरचे लोक पाहणीला येणार होते. साहेबांना त्यांच्यासमोर एक जास्तीचं मशीन मिरवायचं होतं. मास्तर दवाखान्यात. मग साहेबांनीच दहा नंबरची प्रत काढली, ओळखीसकट. दारावरचा कागद वाचायचा असतो हे साहेब लोकांना कुठे ठाऊक असतं! पुढचे दोन तास यादीत दहा नंबरच्या नावापुढे घटकेत जुना पत्ता लागायचा, घटकेत नवा. नव्याच्या पोटात तिकिटांचं कामच पुरतं भरलेलं नव्हतं. निम्मे प्रवासी बसमध्ये जागा असूनही तिकिटाविना, भरल्या घरातून उपाशी परतले.

बायकोला खाटेवर तसंच सोडून मास्तर टॅक्सीने आले आणि दहा मिनिटांत त्यांनी दुखणं शोधलं. नवं मशीन थांबवलं, फोल्डर पुसलं, पुन्हा चालू केलं. ते शहाण्यासारखं त्रेचाळीस नंबरने हजर झालं. नोंदवहीत बघितलं तर प्रत साहेबांच्या नावाने निघाली होती. इथे मास्तर चुकले. ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या नावानं झालंय साहेब. काळजी करू नका, मी कुणाला बोलणार नाही."

साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. संध्याकाळपर्यंत नोंदवहीतली ती ओळ नाहीशी झाली, आणि दुसऱ्या दिवशी हा कागद तयार होता.

"आणि नाही केली सही तर?"

"तर चौकशी बसेल. चौकशीत माणूस निलंबित असतो. निलंबित माणसाचं दवाखान्याचं कार्ड बंद." साहेबांनी पेनाचं टोपण काढून दिलं. "वहिनींचं कसं चाललंय? आठवड्यातून दोनदाच ना?"

मास्तरांच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी थकली होती. मंगळवार आणि शुक्रवार, चार चार तास, मशीनला लावून रक्त धुऊन घ्यायचं. ते सगळं कंपनीच्या कार्डावर चालायचं. साहेबांना हे वार तोंडपाठ होते. मास्तरांनी सही केली, आणि सवयीप्रमाणे खाली आपला नंबरही लिहिला. एकशे सतरा.

एका महिन्याने त्याच कागदाच्या आधाराने त्यांना काढलं. वरून हुकूम आलाय, माझा नाइलाज आहे, असं म्हणताना साहेबांचा चेहरा इतका पडला होता की मास्तरांनीच त्यांची समजूत घातली. गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्याने रोग्याची समजूत घालावी, हे जरा अतिच झालं. मास्तरांनी विचारलं ते एवढंच.

"कार्डाचं काय?"

"नोकरी सुटल्यावरही सहा महिने चालतं. नियमच आहे तसा. मी कशाला आडवा येऊ?"

सहा महिने पुष्कळ झाले. तेवढ्यात दुसरीकडे काहीतरी बघता येईल, असं ते घरी बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "आणि नाही मिळालं तर? मी काय जन्माला पुरणार आहे का?" आणि हसली. तिला असल्या विनोदांची खोड होती. मास्तरांना ते मुळीच आवडत नसत.

शेवटच्या शुक्रवारी त्यांच्या जागी आलेला माणूस त्यांच्या खुर्चीत बसला होता. तिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, कानात कायम गाणं. मास्तरांनी बेचाळीस अधिक एक मशीनांची खोड न् खोड समजावून सांगितली. त्याने एक कान मोकळा ठेवून ऐकलं. "हे सगळं जुनं काढून टाकणार आहोत आपण," तो म्हणाला, "तरी सांगा तुम्ही. बरं वाटेल तुम्हाला."

दुपारी दोघांना कर्मचारी विभागात बोलावलं. तिथल्या बाईंना घरी जायची घाई होती. त्यांनी मास्तरांचं दाराचं कार्ड काढून घेतलं आणि नव्याचं करायला घेतलं.

"पूर्ण फॉर्म भरत बसले तर तास जाईल," त्या म्हणाल्या. "मास्तरांचंच रेकॉर्ड उचलते. पद तेच, खातं तेच, खोली तीच. नाव आणि घरची माणसं बदलली की झालं. बायकोचं नाव सांगा हो. वय?"

"सव्वीस," नवा म्हणाला.

मास्तर वाकून पडद्याकडे बघत होते. "बाई, नंबर बदलला का?"

"तो आपोआप बदलतो."

"नाही बदलत. उचललेल्या रेकॉर्डात जुनाच राहतो. आधी पुसावा लागतो."

"मास्तर," बाई हसून नव्याकडे बघत म्हणाल्या, "सोडा की आता! गेलात तरी हजेरी सुटेना तुमची."

नवाही हसला. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बावीस वर्षांत आपलं बोलणं कुणी असं उडवून लावलेलं त्यांना आठवेना. खरं म्हणजे कुणी ऐकलेलंही आठवेना. ते पडद्यापासून मागे सरकले. बाहेर पडताना दार उघडायला कार्ड नव्हतं, म्हणून नव्याने आपलं कार्ड लावून त्यांना बाहेर सोडलं.

सोमवारी सकाळी मास्तर घरात पेपर घेऊन बसले असताना फोन वाजला. निरोप होता: कर्मचारी एकशे सतरा, हजर, वेळ नऊ वाजून दोन मिनिटं. रोज दारावर कार्ड लावलं की येणारा हा निरोप. बाईंनी फोन नंबरही तसाच ठेवला होता.

"कुणाचा?" बायकोने विचारलं.

"ऑफिसचा. मी पोचलोय म्हणे कामावर."

बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मास्तरांना काय झालंय ते एका क्षणात कळलं होतं. एकाच ओळखीची दोन माणसं. यादीत शेवटी जो बोलतो तो खरा. त्यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि त्यांना बाईंचं ते हसू आठवलं. हाकललेल्या माणसाने तिसऱ्याच दिवशी चुका दाखवायला फोन करावा? नाही केला. या सगळ्या प्रकरणात साहेबांवर विश्वास टाकल्यानंतरची ही त्यांची स्वतःची दुसरी चूक होती.

मंगळवारी दोघं साडेआठला दवाखान्यात पोचली. शुक्रवारची खेप निरोपानिरोपीच्या गडबडीत बायकोने स्वतःच बुडवली होती, मास्तर नसले की ऑफिसात काय होतं हे तिने एकदा बघितलं होतं म्हणून. तिचे पाय रात्रीपासून सुजले होते आणि जिना चढताना ती दोनदा थांबली. खिडकीतल्या कारकुनाने नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"एकशे सतराची पत्नी, वय सव्वीस. त्या कुठायत?"

"अगं बाई," बायको म्हणाली, "औषधाचा गुण आला म्हणायचा."

कारकून हसला नाही. "तुमचं नाव नाही इथं. ऑफिसकडून पत्र आणा, नाहीतर पैसे भरा. पुढं कोण?"

मास्तरांनी बाजूला होऊन बाईंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला इथं एकशे सतरा एकच दिसतोय, मास्तर. तुम्ही दिसतच नाही. जो दिसत नाही त्याचं दुरुस्त काय करू? साहेबांच्या सहीनं अर्ज पाठवा."

"पाच मिनिटांचं काम आहे बाई. मी सांगतो तसं करा. नव्याला नवा नंबर द्या, आणि माझं..."

"साहेबांशी बोला."

साहेब बैठकीत होते. मास्तरांनी तीनदा लावला. चौथ्यांदा उचलला.

"मास्तर, तुम्हीच लेखी दिलंय की प्रत काढताना काळजी घेतली नव्हती," साहेब शांतपणे म्हणाले. "आता ही दुसरी प्रत. तीही तुमच्या समोर निघाली, बाई सांगतायत. मी वर काय तोंड दाखवू? महिनाअखेरीला बघतो."

"साहेब, तिचं आज व्हायला पाहिजे. शुक्रवारचंही राहिलंय."

"वहिनींना नमस्कार सांगा," साहेब म्हणाले आणि फोन बंद झाला.

मास्तर परत आले. आतून परिचारिकेने हाक मारली आणि बायकोच्या नेहमीच्या खाटेवर, खिडकीजवळच्या, एक म्हातारा गेला. बायको बाकावर बसली होती. चार तासांसाठी आणलेली शाल आणि उशीचा अभ्रा पिशवीत तसाच होता.

"काय म्हणाले?"

"तुला नमस्कार सांगितलाय."

तिने शाल पिशवीत आणखी आत दाबली. मग म्हणाली, "माणूस चांगला आहे हो," आणि या वेळी हसली नाही.

मास्तरांच्या खिशात फोन वाजला. दोघांनी मिळून वाचला. कर्मचारी एकशे सतरा, हजर, वेळ नऊ वाजून चाळीस मिनिटं. आपणांस आज उशीर झाला आहे. याची नोंद घेण्यात आली आहे.

"बघ," मास्तर म्हणाले. "बावीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी फोन परत खिशात ठेवला.

"चला घरी," ती म्हणाली. "दुसरीकडं कुठंतरी विचारू."

मास्तर खाली वाकले आणि तिची चप्पल पुढे घेतली. सकाळी कशीबशी चढली होती. आता अंगठा आत गेला आणि पाऊल अडलं. त्यांनी पट्टा सैल केला, पुन्हा सरकवून बघितलं. मागे रांगेतला कुणीतरी म्हणाला, "जरा बाजूला व्हा, लोकांना जायचंय." मास्तर गुडघ्यावरच बाजूला सरकले आणि पट्टा आणखी एक भोक सैल करू लागले.