बसून राहिली

“हे बुद्धा,” स्टुलावरच्या मूर्तीकडे हात करून रागिणीताईंनी ओळख करून दिली.

पंचफुलाबाई चपला काढून, हात जोडून उभ्या होत्या. “ओयखतो न ताई. आमच्या घरचेच हायेत.”

सतरंजीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

रागिणीताई या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेटजींची सून. माहेर पुण्याचं, त्यामुळे अकोल्याच्या उन्हातही आवाज गार. दिवाळीनंतर मशीनच्या पट्ट्यावर काम करताना एक बाई गेली, तेव्हा तिथे मशीन बंद करायचं एक बटण बसवावं असं कोणीतरी सुचवलं. रागिणीताईंनी सजगतेचं शिबिर सुचवलं. सजगतेला वायरिंग लागत नाही.

गेली ती पार्वताबाई. पट्ट्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पंचफुलाबाई. वर्षानुवर्षं दोघी कापसातली किडकी कवडी वेचत आणि एकमेकींच्या सुना निवडत. त्या दिवशी पार्वताबाईचा पदर रोलरात गेला. पंचफुलाबाईंनी दुसरं टोक धरलं आणि ओरडत राहिल्या. बटण केबिनमध्ये, केबिनला कुलूप, किल्ली सुपरवायझर नत्थुजींच्या खिशात आणि नत्थुजी चहाच्या टपरीवर. पातळ जुनं होतं. टोक तेवढं फाटून हातात आलं.

तेव्हापासून पंचफुलाबाई पट्ट्याजवळ गेल्या की हात कापायचे. नत्थुजींनी निरोप धाडला होता, “शिबिरात बस. मन शांत झालं असं ताई म्हनल्या, का घेतो कामावर. नाही तं दुसरी बाई पाहून ठेवली हाये.”

म्हणून त्या आज शांत व्हायला आल्या होत्या.

“सजगता म्हंजे काय जी, ताई?”

“जागं राहणं, मावशी. प्रत्येक क्षणी.” रागिणीताई गोड हसल्या. “चला, डोळे मिटा.”

“जागं राहाले?”

बाया पुन्हा हसल्या. मग आज्ञेप्रमाणे डोळे मिटले. पंचफुलाबाईंनी दोनदा मिटून पाहिले, दोन्हीदा घाबरून उघडले.

“नत्थुजी, मशीनचा डिस्टर्बन्स होतोय.”

नत्थुजी केबिनमध्ये गेले. खट्ट आवाज झाला आणि मशीन थांबली. पत्र्यावरची कबुतरं ऐकू यायला लागली.

पंचफुलाबाई केबिनकडे पाहत होत्या. “एवढ्यात बंद होते का हे?”

“होते न,” नत्थुजी म्हणाले. “बटनच तं हाये.” मग त्यांना आपणच काय बोललो ते ऐकू आलं असावं. ते चपलेला चिकटलेली रुई काढू लागले.

“मावशी, झालं ते सोडून द्या,” रागिणीताई म्हणाल्या. “या क्षणी काय करताय, तेवढंच सांगा.”

“बसून राहिली.”

“छान. आणखी?”

“आनखी काय? पार्वता गेली. मी राहिली.”

“वा!” रागिणीताईंचे डोळे पाणावले. “हाच तो स्वीकार. नत्थुजी, मावशी तयार आहेत.” त्यांनी मोबाइल काढला. “मावशी, फोटोपुरते तरी डोळे मिटा ना.”

फोटो निघाला. त्यात बाकी सगळ्या बाया फार शांत दिसतात.

शिबिर संपलं. मूर्ती बबल रॅपमध्ये गुंडाळून गाडीत गेली. बाया पट्ट्याकडे वळल्या.

“चाल पंचफुला, पास झाली तू,” नत्थुजी म्हणाले. “लाग कामाले.”

पंचफुलाबाई उठल्या. पट्ट्याकडे न जाता केबिनच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या, चौकटीला पाठ टेकून.

“हे काय?”

“करा चालू. मी अठी बसतो.”

“अठी बसाची रोजी नाही भेटत.”

“मांगतली का म्या?”

“पट्ट्यावर दुसरी घेईन मंग मी. सांगून ठेवतो.”

“घ्या. तिले म्हना, पदर खोचून घे.”

नत्थुजी त्यांना ओलांडून आत गेले. मशीन धडधडत सुरू झाली. पंचफुलाबाईंच्या मांडीवरचे हात कापत होते. त्यांनी ते कापू दिले, नजर पट्ट्यावरून काढली नाही.

थोड्या वेळानं नत्थुजी बाहेर जायला निघाले. चहाची वेळ झाली होती. किल्ली हातात घेऊन ते दाराशी घुटमळले. पंचफुलाबाई उंबऱ्यावर असताना दार लागणार नव्हतं.

“जा न जी, नत्थुजी,” त्या म्हणाल्या, “मी हाये अठी.” आणि त्यांना जाता यावं म्हणून पाय जवळ ओढून घेतले.