माझ्याकडे असं होत नाही

पट्टीच्या टोकाचा तो करडा ठिपका... माउस दाबून धरला की सरकतो, सोडला की थांबतो, आणि पट्टीतला हिरवा भाग तेवढाच लहान होतो — सकाळपासून विदादने हे चाळीस वेळा तरी करून पाहिलं होतं, आणि दर वेळी हिरवा भाग जिथून कमी व्हायला हवा तिथूनच मुकाट्याने कमी झाला होता. डिस्कचे भाग पाडायचं हे टूल. खुल्या, फुकट संगणक-सिस्टीमसाठी आम्ही सात-आठ जण फावल्या वेळात ते सांभाळतो, आणि ही पट्टी तर माझीच, मी लिहिलेली. तिच्यात काही चुकत असेल तर मला कळणार नाही होय? विदाद मनात म्हणत होती.

मार्चमध्ये गाफ्सा शहराहून सी मुन्जींची, म्हणजे मुन्जीसाहेबांची, तक्रार आली होती. निवृत्त मास्तर. एका रिकाम्या डिस्कवर त्यांनी करून पाहिलं होतं : शेवटची जागा तोडायला गेलो, तर तुटली सुरुवातीची. अदबीने सगळं लिहून खाली एक ओळ — 'मुलगा म्हणतो मी हल्ली विसरतो. माझ्याच हातून काही उलटसुलट होतंय का, तेवढं सांगा.' विदादने दोनदा करून पाहिलं आणि आमच्यात सगळे लिहितात तेच लिहिलं : माझ्याकडे असं होत नाही. तक्रार बंद. दिवसाला वीस येतात, काय करणार... आता सप्टेंबर. परवा त्यांनी तेच खऱ्या डिस्कवर केलं. विणकाम करणाऱ्या बायांचे शब्द, तीस वर्षं गावोगाव हिंडून टिपलेले, सगळे तिच्यात. आणि डिस्क आता उघडेना. फोनवर म्हणाले, "तुम्ही होत नाही म्हणालात ना, म्हणून धीर केला." रागाने नाही हं. मशीन बंद ठेवा, हात लावू नका, एवढंच तिला बोलता आलं.

आई कॉफी घेऊन आली आणि कप कागदांवरच ठेवून स्क्रीनकडे बघत राहिली.

"अगं, हे उलटं का तुझ्याकडे?"

"काय उलटं?"

"सुरुवात डावीकडे! माझ्या फोनवर सगळं उजवीकडून असतं."

"आई, माझं मशीन फ्रेंचमध्ये आहे."

"हो बाई, शिकलेली माणसं तुम्ही! मशीनशीसुद्धा आपल्या भाषेत बोलायची लाज."

नेहमी विदाद यावर हसायची. आज... अरबीत. उजवीकडून. सगळा अनुवाद आम्हीच केला, एकेका शब्दावरून महिना-महिना भांडलो, आणि आमच्यातल्या एकाचं तरी मशीन अरबीत आहे? स्फाक्सवाल्याचं नाही, ओरानवाल्याचं नाही, अम्मानवाल्याचं नाही. सवयच नाही. ते लोकांसाठी, सी मुन्जींसाठी. तिने भाषा बदलली, मशीन पुन्हा चालू केलं. पट्टी आता उजवीकडून सुरू होत होती. एका जुन्या डिस्कवर तिने डावं टोक, म्हणजे शेवट, आत ओढला. तुटली ती सुरुवात. पट्टी वळली होती, माझं गणित मात्र अजून डावीकडूनच मोजत होतं.

आधी वाटला तो आनंद. सापडलं! अगदी टाळी वाजवावीशी वाटली, आणि मग स्वतःचीच अशी काही लाज वाटली की तिने कॉफी न पिताच फोन उचलला.

"सी मुन्जी, चूक माझी आहे. टूलची म्हणजे माझीच." तिने सगळं सांगितलं, भाषेचंसुद्धा. "कुठे काय तुटलंय ते आता कळलंय. डिस्क पाठवा. बरंचसं परत येईल, पण सगळंच येईल असं म्हणत नाही."



"म्हणजे मी बरोबर टोक ओढलं होतं?"

"हो."

"मार्चमध्येही?"

"मार्चमध्येही."

"ऐकलंस का गं!" ते घरात कुणाला तरी ओरडून म्हणाले. "माझं बरोबर होतं!" मग फोनवर, हसत, "पोरी, डिस्कचं पाहू सावकाश. तुमचं उत्तर आलं ना, तेव्हापासून गाडी चालवली नाही मी. किल्ल्या मुलाला देऊन टाकल्या. नातवाला शाळेत सोडायचो, तेही बंद केलं. म्हटलं, डोकं गेलं आपलं... भीतीच बसली होती. थांबा हं जरा, मुलाकडे किल्ल्या मागतो."

फोन तसाच ठेवून ते गेले. त्यांचं बोलणं लांबून ऐकू येत होतं, कुणीतरी हसत होतं. डिस्कवरचे शब्द आज ना उद्या निघतील, तिला वाटलं. आणि सहा महिने? त्यांनी तर ते परत मागितलेही नव्हते. विदादला फोन ठेववेना; तो कानाशी धरूनच तिने मार्चमधली बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली.