भोरड्यांचा बेत

माझा धाकटा दीर रूपराव याने आयुष्यात एकदाच आपल्या आईचं लुगडं नेसलं. ते आठवलं की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते चवीचं नव्हे, मळमळीचं.

आता रूपराव पक्का नोकरदार आहे, लुना चालवतो, लग्नाकार्यात लोक त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतात. मी त्याच्या पंगतीला बसत नाही. गाव म्हणतं, विमलाबाई जिभेची तिखट, हिला दिराचं बरं बघवत नाही. म्हणू दे. मी बघितलं ते गावाने बघितलेलं नाही.

आमचं घर नालवाडीत. तेव्हा नालवाडी म्हणजे वर्ध्याच्या कडेला भाजीचे मळे आणि मधूनमधून घरं, एवढंच. माझे मालक बापूराव वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि मी सकाळी टोपलं घेऊन बाजारात बसायची. रूपराव मॅट्रिक झाला आणि शहरातल्या एका हपिसात टेंपरवारी लागला. तेव्हापासून त्याला चिखलाची शिसारी यायला लागली. मळ्यात चार हात लावायची वेळ आली की याचं पोट दुखायचं. जेवायच्या वेळी मात्र ठणठणीत.

सासूबाईंचं नाव देवकाबाई. आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो. कामाला वाघीण, बोलायला कमी, आणि एकच वेड. ज्वारी निघाली की खळ्यावर बसून ती चांगली भरलेली कणसं निवडायची आणि बाजूला ठेवायची. लोक पाखरांना टाकतात ते किडकं, भुंगेरी लागलेलं, आपल्याला नको असलेलं. माय टपोरं द्यायची. घरामागच्या वाडीत तिने दोन बल्ल्या रोवून वर आडवा बांबू बांधला होता. फाल्गुन लागला, वाडीच्या कडेची काटेसावर लाल झाली की रोज सकाळी त्या बांबूला कणसांच्या जुड्या बांधायच्या आणि खाली परळात पाणी भरायचं.

मग भोरड्या यायच्या. काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग गुलाबी. आधी सावरीवर उतरून फुलांत चोची खुपसायच्या आणि मग थव्याने बांबूवर. त्यांचा कलकलाट असा की घरात बोललेलं ऐकू येऊ नये. खाली सांडलेले दाणे टिपायला होले यायचे, फुलांतून शिंजीर फिरायची, अंगठ्याएवढी. शेतात उभ्या ज्वारीवर याच भोरड्या पडल्या तर माय त्यांच्या सात पिढ्या उद्धरायची. वाडीत आल्या की त्या पाहुण्या.

मी पाण्याची घागर घेऊन मागच्या दारात आले तरी सगळा थवा भुर्र. माय मात्र बांबूखाली उभी राहून जिभेने चक्‌चक् करायची आणि भोरड्या तिच्या डोक्यावर ओणव्या होऊन कणसं फोडायच्या. तिच्या अंबाड्यात फोलकटं पडायची. ती म्हणायची, ह्या मागच्या सालच्याच होत, मले वळखतात. खरं-खोटं देव जाणे. पण फाल्गुनात माय कुठे म्हणजे कुठे जायची नाही. तिची लेक जयवंता नाचणगावला दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणालासुद्धा माय होळीनंतर, भोरड्या निघून गेल्यावर गेली. आपण नसलो आणि कणसं नसली तर पाखरांचा भरवसा मोडेल, दुसऱ्या साली ती येणार नाहीत, एवढाच तिचा घोर होता.

ब्याऐंशी साल असावं. फाल्गुनातच एका संध्याकाळी रूपराव हपिसातून आला आणि मायच्या पायाशी बसला. ज्या माणसाने वर्षभरात आईला पाण्याचा तांब्या दिला नव्हता तो तिचे पाय दाबायला लागला. मी भाकरी थापत होते, माझा हात थांबला. म्हटलं, आज काही तरी शिजतंय. तो म्हणाला, जयवंता फार आठवण काढते म्हणे, जा की दोन दिवस. माय म्हणाली, आता कशी जाऊ, कणसं कोण बांधेल. तेव्हा हा म्हणाला, "मी बांधतो नं, माय. तुही शपत."

माय किती खूश व्हावी! आजवर त्या बांबूकडे घरातल्या कोणी ढुंकून बघितलं नव्हतं आणि आता हा शिकलेला लेक आपणहून म्हणतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला वाडीत नेलं आणि सगळं शिकवलं. जुडी कशी बांधायची, कुठे उभं राहायचं, जिभेने चक्‌चक् कसं करायचं, मान कशी खाली ठेवायची. तोही शहाण्या पोरासारखा करून दाखवत होता. शेवटी ती म्हणाली, "पँटीवर नको जाऊ बाप्पा, भेतीन थे. माह्या हिरव्या लुगड्याची सवय हाय त्यायले. थे खांद्यावर घेजो."

तिला बसमध्ये बसवून रूपराव परत आला तो खांद्यावर जाळं घेऊनच. ओट्यावर बसून त्याने आम्हा नवराबायकोला बेत सांगितला. त्याच्या साहेबाला रानपाखरांच्या मटणाची भारी हौस. याने हपिसात बढाई मारली होती की आमच्या वाडीत भोरड्या आणि होले माणसाच्या अंगावर येऊन बसतात. साहेब म्हणाला, मग बोलवा की एकदा जेवायला. उद्या दुपारी साहेब जीपने येणार होता. खूश झाला तर कायम नोकरीची ऑर्डर पक्की.

मी काही माळकरीण नाही. आमच्या घरी कोंबडं कापलं जातं आणि ते मीच शिजवते. मी म्हटलं, भाऊजी, दोन कोंबडे कापा, असा रस्सा करते की तुमचा साहेब बोटं चाटेल. तर म्हणे कोंबडं त्याला कुठेही मिळतं. मी बापूरावांकडे बघितलं. ते पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. म्हणाले, पाखरंच तर आहेत. या माणसासोबत मी संसार केला याची त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

सकाळी मी बाजारात गेले नाही. ठरवलं होतं की भोरड्या उतरल्या की मागच्या दारातून ओरडत सुटायचं. पण बापूरावांनी मागच्या दाराला कडी घातली आणि स्वतः दाराला पाठ लावून उभे राहिले. पोट्टं पक्कं होऊन राह्यलं, तू मधात पडू नको, म्हणाले. मी खिडकीच्या गजातून ओरडले तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला सांबाराचा वास येत होता. दहा वर्षं तो वास मला आवडायचा.

खिडकीतून सगळं दिसत होतं. रूपरावने लुगडं खांद्यावर घेतलं नव्हतं, नेसलं होतं. नऊवार त्याला कसलं जमतंय, कमरेला बोळा झालेला आणि खालून पँटीचे पाय दिसत होते. पदर डोक्यावरून घेऊन तो बांबूखाली मान घालून उभा राहिला आणि चक्‌चक् करायला लागला. अगदी मायचा आवाज. इतका हुबेहूब की माझ्या अंगावर काटा आला. या नालायकाला दुसरं काही कधी नीट जमलं नव्हतं.

भोरड्या सावरीवरच्या सावरीवर थोड्या घोटाळल्या. मग एक खाली आली, मग चार, मग बांबू भरून गेला. होले खाली उतरले. याने जाळ्याची दोरी ओढली.

जाळ्याखाली काय झालं ते मी सांगत नाही. रूपराव लुगड्याचा काचा खोचून गुडघ्यांवर बसला आणि एकेक मान पिरगाळत गेला. मध्येच हसत होता, कारण पाखरं त्याच्या हातांवर घाण करत होती आणि ते हात तो मायच्या पदराला पुसत होता. एक शिंजीर जाळ्यात अडकली होती. तिला त्याने चिमटीत धरून वर केलं, बघितलं आणि कुंपणावरून भिरकावून दिलं. म्हणे यात खायला काही नाही.

माझ्या चुलीवर ते चढणार नाही, एवढं मी स्पष्ट सांगितलं. मग साहेबाच्या ड्रायव्हरने वाडीतच तीन दगड मांडून ते शिजवलं. जळक्या पिसांचा वास घरभर भरला. माझ्या ओल्या केसांत, पिठात, देवळीतल्या दिव्याच्या तेलातसुद्धा. साहेब बाजेवर बसून एकेक बारीक हाड दातांखाली कडकड फोडत होता आणि काडेपेटीच्या काडीने दात कोरत होता. कपाळावर घाम, ओठांवर तर्री. रूपराव पँट-शर्टात, सुगंधी साबणाने हात धुऊन, त्याच्यामागे पंखा घेऊन उभा. बापूराव माझं तोंड दाबलं त्याच हातांनी साहेबाला पाणी देत होते. मला वाटलं, दोघा भावांच्या अंगावर उष्टं खरकटं ओतावं.

आणि तेवढ्यात माय आली.

तिला एक रात्रसुद्धा लेकीकडे झोप लागली नव्हती. सकाळच्या बसने निघाली आणि वर्ध्याच्या स्टँडवरून उन्हात चालत आली. तिच्या हातात जयवंताने दिलेली ज्वारीच्या कणसांची पिशवी होती. वाडीत पाय ठेवल्याबरोबर तिने सगळं बघितलं. तीन दगड, पिसं, वाळत घातलेलं जाळं आणि कुंपणावर फेकलेलं हिरवं लुगडं, पदराला रक्त आणि घाण लागलेलं. तिने लुगड्याकडे बघितलं, मग लेकाकडे. मला वाटतं तिला तेव्हाच समजलं की कोणाच्या आवाजावर पाखरं खाली उतरली.

साहेबाला काहीच माहीत नव्हतं. तो बिचारा पोटभर जेवलेला माणूस. हात जोडून म्हणाला, "आजी, तुमच्या मुलाने फार उत्तम बेत केला. पुढच्या फाल्गुनातही मी येणार, आत्ताच सांगून ठेवतो."

रूपरावचा चेहरा फुलला. म्हणाला, "याच नं साहेब. दरसाल येतात ही पाखरं. मायच्या हाताची सवय हाय त्यायले, कुठी जात नाई."

माय खाली बसली. साहेबाचं ताट बघून मला म्हणाली, पाहुण्याला भाकरी वाढ. मी वाढली. ती वाढताना मला उलटी आली आणि मी तशीच न्हाणीत पळाले.

त्या रात्री माय जेवली नाही. मला वाटलं, सकाळी ती बांबू उपटून टाकेल आणि गोष्ट संपेल. पण पाखरं कुठे बांबूसाठी यायची.

सकाळी ती रिकाम्या हाताने बांबूखाली जाऊन उभी राहिली. मी मागच्या दारात होते. जाळ्यातून सुटलेल्या आणि मागून आलेल्या मिळून बऱ्याच भोरड्या सावरीवर होत्या. मला वाटलं नव्हतं, पण माय दिसली तशा त्या खाली आल्या. काल एवढं झालं आणि तरी आल्या. एक तिच्या खांद्याजवळ बांबूवर बसली. मायने खाली वाकून ढेकूळ उचललं आणि मारलं.

ते बांबूला लागून फुटलं. थवा उडाला, सावरीवर बसला आणि थोड्या वेळाने परत आला. मायने परत मारलं. मग घरातून रॉकेलचा रिकामा पिपा आणला आणि लाकडाने बडवायला लागली. उडायच्या, परत यायच्या. त्यांना वाटत असेल हिचं काही तरी चुकतंय. एक ढेकूळ एकीला लागलं, ती कोलमडली आणि पंख ओढत सावरीच्या मागे गेली. मायच्या तोंडून शिवी निघत नव्हती. तोंड नुसतं वाकडं झालेलं. मी जवळ गेले आणि दुसरं लाकूड घेतलं. आम्ही दोघी मिळून बडवत राहिलो.

आवाजाने रूपराव उठून आला, तोंडात दंतमंजनाचा फेस. त्याने बघितलं आणि त्याचं धाबं दणाणलं.

"माय, उडवून काऊन राह्यली? पुढच्या साली साहेब येणार हायत नं. मंग येतीन का ह्या?"

माय थांबली नाही. पिपा बडवता बडवताच म्हणाली, "ह्या उडून जातीन रे, रूपा. तुले कुठी उडवू?"

रूपरावला ते समजलं नाही. तो फेस थुंकून चूळ भरायला गेला.