सात मिनिटांवरचं माहेर

आये येणार हे नक्की झालं त्याच संध्याकाळी मी जेवताना सांगून टाकलं, "तिच्यासाठी हॉटेल बघतेय. आणि अबोलीला घेऊन मीही तिच्याजवळ राहणार आहे. तीन दिवस."

हर्षदचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी आमटीचा डाव पुन्हा पातेल्यात ठेवला.

सासूबाईंना मी आई म्हणते, आणि माझ्या आईला आये. आये मालवणजवळ देवबागला असते. तिथे तिच्या पाच खोल्या आहेत, पर्यटकांना द्यायच्या. दिवाळीपासून मे संपेपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नसते. अबोली झाली ती डिसेंबरात. बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं होतं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि ते मुलुंडलाच झालं. बारशाला आये रात्रभर बसने आली, चार तास नातीला मांडीवर घेऊन बसली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. लेकीच्या सासरी रात्र काढायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं आहे. एरवी मुंबईत आली की ती नालासोपाऱ्याला मामाकडे उतरते. तिथून मुलुंडला यायचं तर दिवसच जातो.

आईंनी माझं काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, सगळं वेळच्या वेळी. पण त्या सगळ्यात मी सून होते. टाके दुखायचे तेव्हा रडण्याआधी मी बाथरूमचा नळ सोडायचे. मला तीन दिवस नळ न सोडता राहायचं होतं. एवढंच.

आयेला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप हसली. "हॉटेलात? माका? पंधरा वर्सां मी लोकांका रूम दितंय, आता माका कोण देतलो?" मग म्हणाली, "पण बरां आसा ता. पैसे दिले की खोली आपली. कोणाचे उपकार नाय."

मग सगळ्यांनी हॉटेल शोधायला घेतलं. हर्षदने पवईचं काढलं, खिडकीतून तलाव दिसणारं. माझी नणंद जान्हवी अंधेरीला राहते. तिने मेट्रोजवळची चार हॉटेलं पाठवली, प्रत्येकाखाली नाश्त्याचे फोटो. "वहिनी, इडलीपासून पास्त्यापर्यंत सगळं आहे, तुमच्या आईंना झकास वाटेल." आये सकाळी पेज खाते. पास्ता बघून तिने विचारलं असतं, ह्यात मीठ कोणी घालूक नाय काय?

माझं शोधणं वेगळं होतं. लोक हॉटेलचे तारे मोजतात. मी अबोलीला बाबागाडीत घालून लागोपाठ तीन सकाळी चालून बघितलं. पाच रस्ता चौकाच्या अलीकडे, आमच्या बिल्डिंगच्या बायका जिथे भाजी घेतात त्याच्या समोर, नीलतारा म्हणून हॉटेल आहे. घरापासून सात मिनिटं. गुरुवारी अबोलीची लस होती, तो दवाखाना पुढच्याच गल्लीत. दुपटी संपली तर घरून आणता येतील, हर्षदला ऑफिसातून येताना लेकीला बघून जाता येईल. लिफ्ट आहे, बाबागाडी आत मावते. मी आत जाऊन माववून बघितली.

"नीलतारा?" आई म्हणाल्या. "कोपऱ्यावरचं? अगं, सून बाळाला घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात राहायला गेली तर लोक काय समजतील? भांडून गेली. दुसरं काय! घ्यायचंच तर पवईला घ्या. तिथे कोण ओळखतंय आपल्याला?"

"म्हणूनच पवई नको, आई."

"म्हणजे?"

"कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी जायचं म्हणजे मी काहीतरी लपवतेय असं होतं. मी माझ्या आईकडे जातेय."

 त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना आई अबोलीमार्फत बोलायला लागल्या. "सांग तुझ्या मम्माला, चहा गार होतोय."

बुधवारी सकाळी आये चेंबूरला बसमधून उतरली. हर्षद तिला गाडीतून घरी घेऊन आला आणि तसाच ऐरोलीला ऑफिसला गेला. आयेने आईंना कोकमाची सोलं दिली, कुळथाचं पीठ दिलं, दोघी अगदी गोड बोलल्या. दुपारी एक वाजता आम्ही निघालो. आये, मी, बाबागाडीत अबोली आणि गाडीच्या दांड्यांना अडकवलेल्या तीन पिशव्या. आई दारापर्यंत आल्या. "टोपडं घातलंयस ना गं तिला?" त्यांनी अबोलीलाच विचारलं.

नीलताराच्या काउंटरवर एक पंचविशीचा मुलगा होता. छातीवर नाव होतं, सौरभ. त्याने आमची दोघींची आधार कार्डं घेतली, आयेचं बाजूला ठेवलं आणि माझं उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, हे मुलुंडचं आहे."

"हो. मी मुलुंडचीच आहे."

"लोकल आयडी नाही चालत आमच्याकडे. बाहेरगावचा पाहिजे."

"बुकिंग दोघींचं झालंय. पैसेही भरलेत."

"खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं मॅडम. आजींचं ओके आहे. त्यांना रूम देतो. तुम्ही व्हिजिटर म्हणून बसा ना, आठपर्यंत अलाउड आहे."

"मला व्हिजिटर नाही व्हायचंय. मला राहायचंय."

तो काउंटरवर पुढे वाकला. आवाज खाली आणला. वाईट मुलगा नव्हता तो.

"राग मानू नका, पण घरी काही झालंय का? मागे एक मॅडम अशाच आल्या होत्या, बाळ घेऊन. दुसऱ्या दिवशी घरचे सगळे इथे. नुसता तमाशा. सरांनी मलाच झापलं." मग त्याने सरांना फोन लावला, हळू आवाजात बोलला आणि तोंडावर सुटका झाल्याचं हसू आणून म्हणाला, "सर म्हणतात, मिस्टरांनी फोनवर हो म्हटलं तर देऊन टाक. लावा ना, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटंही नाहीत. हर्षदने पहिल्या रिंगला उचलला असता आणि म्हणाला असता, अरे दे ना बाबा, माझीच बायको आहे. तो चांगला आहे. तीच तर पंचाईत होती. तो नाही म्हणणारा असता तर भांडता आलं असतं. पण तो हो म्हणणार, आणि मग मी माझ्या आईशेजारी झोपणार ती त्याच्या हो-वर.

"कर गो फोन," आये म्हणाली. "जावयबापू काय नाय म्हणाचे नाय."

"माहितीये. म्हणूनच नाही करणार."

"मॅडम, प्लीज. फॉर्मॅलिटी आहे."

"तुम्ही आयेला विचारलंत का, तुमच्या मिस्टरांना फोन लावा म्हणून?"

"त्या... त्या वयस्कर आहेत ना."

"म्हणजे मी अजून वीस-पंचवीस वर्षांनी येऊ?"

एवढ्यात अबोली उठली. झोपमोड झाली की ती आधी ओठ काढते, मग सगळं मुलुंड जागं करते. मी तिला उचललं, समोरच्या सोफ्यावर बसले, ओढणी घेतली आणि तिला पाजायला लागले.

"मॅडम, इथे?" सौरभ काउंटरमागून बाहेर आला, तसाच पुन्हा आत गेला.

"मग कुठे? रूम द्या, रूममध्ये पाजते."

आये उभी होती ती माझ्याकडे बघत राहिली. मला लहानपणापासून ती नजर ठाऊक आहे. जाळं कुठे फाटलंय ते बघताना बाबांची अशी व्हायची. मग ती आली, माझ्याशेजारी बसली आणि पदर खोचून सौरभला म्हणाली, "माज्याकडे पाच रूम आसत रे झिला. मालवणातलीच माणसां माज्याकडे येऊन रवतत. कित्या इलास, असां मी कधी विचारूक नाय. एकटी बाय प्वार घेऊन इली तर मी आधी चाय दितंय, आणि कार्ड मगे बघतंय. तू माका चाय पण इचारलस नाय."

सौरभने खरंच दोन चहा मागवले. रूम मात्र दिली नाही.

नीलताराचा दर्शनी भाग अख्खा काचेचा आहे. समोर भाजीच्या गाड्या. मला त्या दिसत होत्या, म्हणजे मीही त्यांना दिसत होते. आमच्या बिल्डिंगमधल्या, सातशे एकच्या शीतलताई हातात मेथीची जुडी घेऊन थबकल्या. काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. हीच ती वेळ होती, जिला आई घाबरत होत्या. मी मान खाली घालू शकले असते. मी हात हलवला.

शीतलताई मेथीसकट आत आल्या. "काय गं, इथे काय करतेयस?"

"माझी आई आलीये ताई. तिच्याजवळ राहायला आलेय. हे रूम देत नाहीयेत."

"का?"

"घरच्यांची परवानगी पाहिजे म्हणतात."

"कोणाला? तुला?" त्या सौरभकडे वळल्या. "अरे, हिला मी ओळखते. हे बाळ माझ्यासमोर घरी आलंय."

"तुम्ही घरच्या आहात का मॅडम?"

"मी शेजारची आहे. घरच्यांपेक्षा जास्त माहिती असते मला!"

त्यांचा आवाज मोठा. मग आणखी दोघी आत आल्या, त्यातल्या एकीला मी ओळखतसुद्धा नव्हते. "ही आजी का? अगदी आजीसारखं नाक आहे हो!" अबोली दूध सोडून सगळ्यांकडे बघायला लागली. काउंटरवर मेथी, सोफ्यावर कोथिंबीर. विमानतळावरून आलेलं एक जोडपं चाकांच्या बॅगा घेऊन दारातच थांबलं, आत यावं की नाही ते त्यांना कळेना. सौरभ टाळायला निघालेला तमाशा त्याच्याच सोफ्यावर बसून चहा पीत होता.

माझा फोन वाजला. आई.

"त्या शीतलचा फोन होता. तू म्हणे रिसेप्शनवर पाजत बसलीयेस?" आज मधे अबोली नव्हती. थेट माझ्याशीच.

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"ओढणी आहे, आई."

"रूम का नाही देत मेला?"

"तुमच्यापैकी कोणीतरी हो म्हणा म्हणतो. तुम्ही, नाहीतर हर्षद."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "फोन दे त्याला."

मला ते अपेक्षित नव्हतं.  तरी म्हटलं, "नाही देणार, आई."

"अगं, मी हो म्हणतेय!"

"कळलं मला. बरं वाटलं. पण नाही देणार."

"मग काय करणार आहेस?"

"बसून राहणार."

"हट्टी आहेस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सौरभने सगळं ऐकलं होतं. त्याने बॅगावाल्या जोडप्याकडे पाहिलं, मेथीकडे पाहिलं आणि पुन्हा सरांना फोन लावला. या वेळी हळू बोलला नाही. "सर, काही प्रॉब्लेम नाहीये त्यांचा. प्रॉब्लेम आपला आहे. वाट लागलीये इथे... नाही सर, कोणाला फोन लावत नाहीत त्या... हो. हो. दोघींना देतो." मग त्याने रजिस्टर माझ्यासमोर फिरवलं आणि पेनचं टोपण काढून दिलं.

कुठून आलात, या रकान्यात मी लिहिलं, मुलुंड पश्चिम. पुढे कुठे जाणार, त्यात लिहिलं, मुलुंड पश्चिम. येण्याचं कारण. तिथे जागा थोडी होती. मी लिहिलं, माहेरपण. खाली सही केली, एकटीची.

शीतलताईंनी वाकून वाचलं. "मलापण यायचंय गं," त्या म्हणाल्या, आणि त्यात चेष्टा नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरची खोली उघडताच आयेने तपासणी सुरू केली. चादरीचं टोक उचलून वास घेतला. उशी थोपटली. बाथरूममध्ये जाऊन बादली उपडी केली. नळ पुरता सोडून पाहिला आणि गच्च बंद केला. "पाणी बरां आसा. चादर बदलून घेवया. आरसो पुसूक होयो." मग खिडकीचा पडदा सरकवला. खाली भाजीच्या गाड्या, त्यापलीकडे आमच्या बिल्डिंगच्या टाक्या दिसत होत्या. तिने पडदा उघडाच ठेवला.

मग तिने माझ्याकडून अबोलीला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाली, "नीज."

"तू रात्रभर बसमध्ये होतीस. तू झोप."

"मी काय सांगतंय? नीज गो."

मी आडवी झाले. ती पलंगाच्या कडेला टेकली. एक हात अबोलीच्या पाठीवर, दुसरा माझ्या केसांत. तिच्या तळव्याला नारळाच्या शेंडीसारखा खरखरीतपणा आहे, तो टाळूवर लागला आणि मी रडायला लागले. आवाज करून, नाक वाहेपर्यंत. आयेने विचारलं नाही का रडतेस. "रड," एवढंच म्हणाली. अबोली गाढ झोपली होती. मग मीही झोपले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच, कोणी उठवेल याची वाट न बघता.

जाग आली ती खोलीतल्या फोनने. सहा वाजले होते, उन्हं भिंतीवर आली होती. आयेने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"मॅडम, सौरभ बोलतोय. खाली तुमच्या सासूबाई आल्यात. डबा आहे हातात." तो जरा घुटमळला. "वर सोडू का त्यांना?"

आये लगबगीने चादरीच्या सुरकुत्या काढायला लागली. विहीणबाई येणार म्हणून तिने पदर सारखा केला, आरसा कोपराने पुसला. अबोली मधोमध पसरून झोपली होती, तोंड अर्धं उघडं.

"सोडा," मी म्हटलं. "पण पाच मिनिटं बसायला सांगा त्यांना. चहाही द्या. माझी लेक झोपलीये, आणि मी अजून उठलेले नाही."