सारवलेल्या भिंती

हिवतापाचं औषध फवारायला माणसं आली, तर गावात एक दार उघडेना. देवघरात बूट घालून शिरणार म्हणजे काय! शेवटी त्यांच्या साहेबानं रुक्मा सुइणीला गाठलं. तिचा शब्द कुणी मोडत नसे. तिनं घरोघर हिंडून दारं उघडायला लावली.

गणपतीची चवथ तोंडावर आलेली. औषधाचे पांढरे डाग बघून तिनं साहेबाला विचारलं, "भित्ती सारवल्या तर चालंल न्हवं?"

"सारवा की, घर तुमचंच," म्हणत तो जीपमध्ये बसला.

बायकांनी शेणानं भिंती सारवल्या. औषध शेणाखाली गेलं, डास तसेच राहिले. दिवाळीला घरोघर माणसं तापानं कुडकुडत होती.

मोठा साहेब चौकशीला आला. त्याच्यापुढं फवारणीचा साहेब कानडीत म्हणाला, "सारवू नका म्हणून या बाईला बजावलं होतं. हिनं गावाला सांगितलंच नाही."

कानडी मुलखातल्या या जोयड्याच्या रानात कानडी सगळ्यांनाच कळते, हे तो शहाणा विसरला. रुक्मानं देवाची आण घेतली. पण साहेब खोटं बोलेल, हे कुणाला पटेना.

पुढच्या साली तोच तिच्या अंगणात उभा. "रुक्माबाई, लोकांना दारं उघडायला जरा सांगा की."

"सांगतो की. आदी माझ्या लेकाला खरं काय ते सांगा. तापानं गेलेल्या नातवाला पुरल्यापासनं त्यो माझ्याशी बोलत न्हाई."