बर्फाला घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या अंगात ऊब नाही. कधी नव्हती आणि कधी असणारही नाही. माझ्या पोटात चूल नाही की निखारा नाही. तरी ज्याने त्याने मला हात लावायचा आणि म्हणायचं, "काय ऊबदार घोंगडी हाय!" ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

माढ्याच्या महिपती सनगराच्या मागावर माझा जन्म झाला. लोकर त्याच्या बायकोने कातली, विणलं त्याने, आणि मग चिंचोक्यांची खळ पाजून मला उन्हात ताणून वाळवलं. तेव्हा मी इतकी कडक होते की सहजासहजी माझी घडीही पडेना. आता माझं कसब ऐका. लोकरीच्या केसाकेसात हवा अडकून बसते, आणि ही अडकलेली हवा मोठी आडमुठी असते. इकडची उष्णता ती तिकडे सहज जाऊ देत नाही आणि तिकडची इकडे येऊ देत नाही. थंडीत तुमच्या अंगातली उष्णता बाहेर पळत असते, ती मी अडवते. तुम्हाला वाटतं, मीच ती दिली. बरं, धनगर भर उन्हात माझी खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे फिरतो. ते रोज बघूनही कुणाच्या डोक्यात उजेड पडत नाही.

मला सिद्धप्पाने विकत घेतलं. अक्कलकोटच्या वाटेवर, रेल्वेपासून आडबाजूच्या गावात त्याची शेती होती. घरात तो, त्याची बायको सावित्रम्मा आणि त्याची थोरली बहीण शिवबाई. माणूस भला. बैलगाडीत बसायला मी, थंडीत पांघरायला मी. पण समजूत तीच!

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं, त्या वैशाखातली ही गोष्ट. सावित्रम्माला मुदतीचा ताप आला. ती बरळू लागली, समोर बसलेल्या शिवबाईलाही ओळखेना. डॉक्टर म्हणाले, "डोक्यावर बर्फ ठेवा. ताप असाच चढत राहिला तर मग माझ्या हातात काही नाही."

गावात बर्फ कुठला? सिद्धप्पा उजाडायच्या आत गाडी जुंपून सोलापूरला निघाला. बर्फवाल्याने लादी भुश्याच्या पोत्यात घातली आणि गाडीत आणून नेमकी माझ्यावर ठेवली. मला वाटलं, आता मला पोत्याभोवती लपेटतील आणि बाहेरच्या उन्हाला मी आत पाऊल टाकू देणार नाही. एवढ्यात सिद्धप्पा ओरडला, "अरे अरे, तिच्यावर नगं ठिवू! लई ऊबदार घोंगडी हाय ती. वाटंतच पाणी करंल त्याचं!"

त्याने मला ओढून काढलं आणि घडी करून स्वतःच्या बुडाखाली घातलं. पोत्यावर चार कडुलिंबाच्या डहाळ्या टाकल्या आणि बैल हाकले.

बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच वस्तूची तीन रूपं. बर्फाचं पाणी व्हायला उष्णता लागते, पाण्याची वाफ व्हायलाही लागते, आणि त्या दुपारी उष्णतेला काय तोटा होता? लादीचं पाणी झालं. पाणी गाडीच्या फळ्यांवर गळलं आणि गरम झळांत वाफ होऊन कुठल्या कुठे गेलं. सिद्धप्पा सारखा मागे वळून बघायचा आणि बैलांवर खेकसायचा. मी मात्र हातभर अंतरावर कोरडी ठणठणीत बसले होते. मला तोंड असतं तर मी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं.

घरी पोतं उघडलं तर भुश्यात आवळ्याएवढा खडा. सावित्रम्माच्या कपाळावर तो बघता बघता संपला. सिद्धप्पा उंबऱ्यावर डोकं धरून बसला.

"उद्या मी जाती," शिवबाई म्हणाली. "मल्लप्पाला गाडीवर घिती. तू हिच्यापासनं हलू नगंस."

मल्लप्पा म्हणजे शेजारचा गडी. दुसऱ्या दिवशी तो गाडी हाकत होता, मागे शिवबाई आणि बर्फाचं पोतं, आणि मी पुन्हा एका कोपऱ्यात. वाटेत बैलांना पाणी पाजायला एका गावच्या विहिरीपाशी थांबलो. पोत्यातून थेंब गळताना कुणीतरी बघितलं आणि बघता बघता गर्दी जमली. त्या काळी बर्फ म्हणजे नवलाई.

"बर्फ हाय व्हय? बगू की जरा!"

"बाई, येक खडा द्या की!"

एकाने तर पोत्याचं तोंड सोडायला हात घातला. शिवबाई चवताळली. तिने मला उचललं, पोत्याभोवती घट्ट आवळलं, दोरीने बांधलं आणि शेजारी ठाण मांडून बसली. "बर्फ न्हाय न् फिर्फ न्हाय! व्हा बाजूला!"

अखेर! मी पोत्याला कवटाळून बसले. वरून ऊन भाजत होतं, पण माझ्यातून आत जाताना त्याची दमछाक होत होती. आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं काम मिळालं होतं. गाव मागे पडलं आणि शिवबाईचा चेहरा उतरला.

"मल्लप्पा, घोंगडीनं वितळंल का रं?"

"वितळंल की, अक्का. काढा ती."

तिने दोरीला हात घातला. माझ्या जिवाचं पाणी झालं. नको गं बाई, नको! पण पुढच्या वळणावर पुन्हा माणसं दिसली आणि तिने हात मागे घेतला. मग प्रत्येक वस्तीपाशी हेच. शेवटी ती रडू लागली. "म्याच मारती की रं तिला," ती म्हणत होती. तिचे आसू माझ्यावर पडत होते आणि मला तिला एवढंसुद्धा सांगता येत नव्हतं की अगं, तू आज वाचवते आहेस तिला.

दिवस कलताना घरी पोचलो. सिद्धप्पाने गाडीत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अक्का, काय केलंस हे? घोंगडीत गुंडाळलंस?"

दोरी सुटली, मी सुटले, पोतं उघडलं. आत लादी होती. कडा झिजल्या होत्या, पण चांगली थोरली, दोन्ही हातांनी उचलावी अशी लादी. शिवबाईने पदराने डोळे पुसले आणि लादी उचलली.

त्यांनी बर्फ फोडून कपाळावर धरला. वितळताना बर्फ स्वतः गरम होत नाही बरं का. कपाळातून जेवढी उष्णता ओढतो, ती सगळी त्याचं पाणी होण्यातच खर्च होते. पहाटेच्या सुमारास सावित्रम्माने डोळे उघडले आणि म्हणाली, "अक्का, जेवलासा का?"

घरात रडू आणि हसू एकदम फुटलं. मी कान टवकारले. आता तरी कुणी माझं नाव घेईल! सिद्धप्पा म्हणाला, "बर्फवाल्यानं आज माल चांगला दिला."

माल चांगला! शिवबाईला माझी आठवण झाली, पण कशी? "काळी घोंगडी व्हती म्हणून बर्फाला दृष्ट लागली न्हाय." त्यानंतर जेवढ्या वेळा बर्फ आला, मला गुंडाळूनच आला, पण दृष्टीसाठी! काम बरोबर, कारण चूक. यावर चिडावं की हसावं, तुम्हीच सांगा.

आता मी म्हातारी झाले आहे. उन्हाळा आला की मला माळ्यावर फेकतात, "एवढ्या उकाड्यात घोंगडी कशाला?" म्हणतात, आणि तिथे मला कसरीची कीड खाते. मित्रांनो, घरातल्या घोंगडीला अधूनमधून ऊन दाखवा, झटकून ठेवा. आणि एखादी वस्तू काय करते हे ठरवण्याआधी तिच्याकडे जरा नीट बघा.

एवढा राग पोटात असूनही त्याच वर्षीची एक सकाळ मला आवडते. थंडी पडली होती. हिंडूफिरू लागलेली सावित्रम्मा मला लपेटून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "वो अक्का, लई ऊब हाय हिच्यात." माझं डोकं फिरणारच होतं. पण तिच्या अंगाची ऊब मला लागली. ती तापाची आग नव्हती. भाकरी खाऊन बसलेल्या धडधाकट बाईची साधी ऊब होती. बाई, ही तुझीच आहे, मी मनात म्हटलं, आणि ती ऊब बाहेर जाऊ न देता गप्प बसून राहिले.