शकूगडाची राखण

भांडणं सोडवायची हौस मला कधीच नव्हती. माझं ठाण्याला नौपाड्यात चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेमा बदलत बसलं की मी फोनवर 'गडराखे' खेळतो, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. पण खेळणाऱ्यांच्या गप्पांची जी ऑनलाइन जागा आहे, जिला आम्ही सदर म्हणतो, तिथे मी एकदा भांडणाऱ्या दोघांना 'जाऊ द्या ना' असं लिहिलं, आणि वागळे इस्टेटमधल्या त्या खेळाच्या कंपनीने मला थेट मॉडरेटर करून टाकलं. पगार नाही, शिव्या मात्र मुबलक. त्या शिव्या थांबल्या देवयानीताई आल्यावर.

देवयानीताई लिमये डोंबिवलीच्या. टेलिफोन खात्यात सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे आवाज न चढवता माणसाला गप्प करायची कला अवगत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भाच्याने करमणूक म्हणून हा खेळ फोनमध्ये टाकून दिला. बाई पडल्या पडल्या गड बांधून मोकळ्या झाल्या, मग सदरेवर डोकावल्या, आणि तिथे कोण कुणाच्या आईबद्दल काय लिहितंय ते वाचून त्यांचा गुडघा बहुधा दुखायचाच थांबला. कंपनीशी बोलून त्या माझ्या जोडीला मॉडरेटर झाल्या. जोडीला म्हणजे डोक्यावर.

त्यांचे नियम साधे होते. नवख्याला हसायचं नाही. हरलेल्याच्या गडावर जाऊन फटाके फोडायचे नाहीत. भांडण कितीही पेटलं तरी समोरच्याला अहो-जाहो करायचं, आणि रागात लिहिलेलं पाठवण्याआधी चहा पिऊन परत वाचायचं. पोरं आधी खूप खिदळली. पण ज्याने नियम मोडला त्याला तीन दिवस सदरेवर तोंड बंद, मग तो कुणी का असेना. हळूहळू सगळे वळणावर आले. मी स्वतः दुकानात गिऱ्हाइकावर चिडलो तरी आधी चहा मागवायला लागलो.

सगळ्यात कडक नियम कंपनीचा होता, पण ताईंनी तो मनापासून आपला मानला होता. एक खातं, एक माणूस. दुसऱ्याच्या खात्यातून खेळलात तर खातंच बंद. याच नियमाने घोळ केला.

प्रितम मढवी हा डोंबिवलीजवळच्या भोपर गावचा आगरी पोरगा. त्याचा शकूगड आमच्या खेळातला सगळ्यात देखणा गड. आजीचं नाव दिलं होतं त्याने. शकूआजीची सारी तरुणाई मिठागरात गेली, म्हणून त्याने गडाच्या पायथ्याशी पांढरीशुभ्र मिठागरं केली होती, आणि तीन वर्षं खपून एकेक बुरूज चढवला होता. आजी रोज विचारायची, माझा गड हाय ना जागेवर, असं तो कौतुकाने सांगायचा. गड पडला की नाव कायमचं पुसलं जातं, हा या खेळाचा कायदा. ते नाव गेलं तर आजीला काय सांगायचं, हीच त्याला एक भीती.

त्याच्या हळदीच्या दिवशी सकाळी ताईंना दिसलं, की प्रितमचं खातं रात्रीपासून चार वेगवेगळ्या फोनांवरून चालू आहे. त्यांनी खातं बंद केलं, सदरेवर दोन ओळींची सूचना लावली आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

आता यातली गोम अशी, की प्रितमच्या तुकडीतली पोरं सगळी खाडीकाठच्या गावांतली. कुणाच्या घरी कार्य निघालं की बाकीचे त्याच्या खात्यात पाळीपाळीने बसून गड सांभाळत. याला ते राखण म्हणत. त्यांच्या आज्या-आजोबांनी एकमेकांची भातं राखली, मिठाच्या राशी राखल्या, तसंच हे. यात कुणाची परवानगी काढायची असते हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आणि त्याच दिवशी शकूगडाला वेढा पडलेला होता. दिवस मावळायच्या आत दरवाजा बंद झाला नाही तर गड पडणार होता, आणि दरवाजा बंद करणारं खातंच बंद.

सदरेवर जो भडका उडाला तो मी जन्मात विसरणार नाही. कारण सगळे संतापलेले होते, आणि सगळे नियम पाळून संतापलेले होते. 'आदरणीय ताई, आपण माणूस आहात की दगड, एवढंच नम्रपणे विचारतो.' 'ताई, दोनदा चहा प्यायलो, तरी आपला राग येतोच आहे, क्षमस्व.' वेढा घालणारा राजरत्न डोंबिवलीचाच. त्यानेही कळवलं की हळद आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण एकदा घातलेला वेढा खेळ मागे घेऊ देत नाही, आपण काहीतरी करावं ही विनंती.

मी ताईंना फोन लावला आणि म्हटलं, सोडून द्या हो एवढ्या वेळी. त्यावर त्या म्हणाल्या, उद्या राजरत्नच्या खात्यात पाच जण बसले तर त्यालाही सोडायचं का? पुढे त्यांनीच विचारलं, की खुद्द प्रितम खेळला तर नियमाला काही हरकत नाही ना? मी म्हटलं, हळदीच्या मांडवात नवरदेव फोन उचलतोय होय. मग आपण जाऊ, म्हणाल्या. मी दुकान कामाच्या पोरांवर सोडलं.

डोंबिवलीहून रिक्षाने भोपरला पोचलो तर हळदीचा बेंजो बँड दणाणत होता. मांडवाच्या तोंडावर ही मोठी फ्लेक्स. तिच्यावर भावकीचे, मित्रांचे पन्नासेक चेहरे, आणि खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून आमच्या खेळातली सगळी तुकडी. त्यात एक चित्र काळ्या टेलिफोनचं होतं. सदरेवर ताई तेच चित्र लावतात. त्याखाली लिहिलं होतं, देवयानीताई. सकाळपासून शिव्या चालू असूनही कुणी ते चित्र झाकलं नव्हतं. ताई तिथे उभ्या राहिल्या, चष्मा काढून पुसला आणि आत शिरल्या.

प्रितम पाटावर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. ताई कोण ते कळल्यावर तो उठायलाच लागला, बायकांनी त्याला दाबून बसवलं. ताईंनी सांगितलं, मी खातं उघडते, दरवाजा तू बंद कर. त्यांनी आपल्या फोनवर त्याचं खातं उघडून पडदा त्याच्यासमोर धरला. प्रितमने बोट टेकवलं. तेलातली हळद, पडदा कशाला दाद देतोय. दुसरं बोट, तिसरं बोट, नुसते पिवळे ठसे. मी रुमाल पुढे केला तर करवल्या अंगावर आल्या. उद्याच्या आंघोळीपर्यंत नवरदेवाची हळद पुसायची नसते, एवढंही कळत नाही का मला. बाहेर ऊन उतरलं होतं. फोनमध्ये शकूगडाचा दरवाजा सताड उघडा, आणि राजरत्नचं सैन्य बिचारं नाइलाजाने पुढे सरकत होतं.

प्रितमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हळदीने आलं असंही म्हणता येईल, पण मला तसं वाटत नाही.

शकूआजी पाटामागे बसून गाणी म्हणत होती. ती थांबली. सगळा प्रकार तिला अर्धामुर्धाच कळला असेल, पण तिने ताईंच्या हातांकडे पाहिलं.

"पोराचे हात भरलेत," ती म्हणाली. "तुजं हात तं मोकलं हान ना, बाय?"

ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गुडघा सांभाळत त्या मांडवात जमिनीवर बसल्या, पडदा पदराने पुसला आणि म्हणाल्या, "सांग रे प्रितम. कुठे दाबू?"

तो सांगत गेला, त्या दाबत गेल्या. दरवाजा बंद झाला, उत्तर बुरुजावरच्या तोफा वळल्या, वेढा मोडला. पोरांनी असा गलका केला की बेंजोवाला वाजवायचा थांबला. शकूआजीने उरलेली हळद दोन्ही हातांनी ताईंच्या गालांना फासली. मांडवात मटण शिजलेलं आणि ताई शाकाहारी, त्यामुळे त्यांच्या जेवणाचं काय करायचं यावरून थोडी धावपळ झाली, पण भाकरी आणि वालाचं बिरडं निघालं आणि ताई पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदरेवर ताईंची सूचना होती. 'काल प्रितम यांच्या खात्यातून त्यांच्याऐवजी मी खेळले. नियम मोडला. देवयानी लिमये यांचं खातं तीन दिवस बंद. यापुढे घरी कार्य असल्यास आधी कळवून राखण ठेवता येईल, कंपनीशी बोलणं झालं आहे. तुम्ही सांगायला हवं होतं, आणि मी विचारायला हवं होतं.' त्याखाली त्यांचं खातं काळं पडलेलं. स्वतःच्या हाताने बंद केलं होतं बाईंनी.

मला धडकी भरली. तीन दिवस सदर माझ्या एकट्याच्या गळ्यात, आणि मला 'जाऊ द्या ना' याच्यापुढे काही येत नाही. दुकान उघडून भीतभीतच फोन पाहिला, तर एका नवख्याला कुणीतरी हसलं होतं, आणि त्या हसणाऱ्याला आधीच कुणी समजावलं होतं, की अहो, आधी चहा प्या. खाली नाव प्रितमचं, आणि वेळ बरोब्बर लग्नाच्या मुहूर्ताआधीची. मग दुपारी राजरत्न, संध्याकाळी तुकडीतलं आणखी कुणी. तिन्ही दिवस मला काही करावं लागलं नाही. सदरेच्या माथ्यावर, ताईंच्या बंद खात्याशेजारी, पोरांनी एक ओळ लावून ठेवली होती.

'ताईंच्या जागेवर राखण चालू आहे.'